रिंकवरची अनवाणी फेरी

प्रिय आई,

खरं म्हणजे ‘तीर्थरूप’ लिहायला हवं होतं. तुम्ही शाळेत पस्तीस वर्षं पोरींकडून पत्राचा मायना घोटून घेतलात, आणि तुमच्या सुनेला तो येत नाही असं कसं होईल? पण आज मी तुमच्यावर जरा चिडले आहे. म्हणून नुसतं ‘प्रिय’. तेही खोटं नाही.

काल तुमची चोरी पकडली. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली आणि आता कुठे पकडली! अहो आई, तुम्ही हास्यक्लबला एकदासुद्धा गेला नव्हतात? तीन आठवडे रोज पहाटे पाचच्या आत घराबाहेर पडत होतात. परत आलात की अभय विचारायचा, “काय आई, आज कितपत हसवलं?” आणि तुम्ही चपला जागेवर ठेवत म्हणायचात, “पोट दुखेपर्यंत.” चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात तोंड दाबून हसायचो की हसण्याचा क्लब लावूनही ही बाई हसत नाही.

तर त्याचा जाब विचारायला हे पत्र. आणि आणखी एक आहे. नऊ वर्षं एक शब्द तुम्हाला म्हणायचा राहिलाय. तुम्ही होतात तोवर म्हटला नाही, तुम्ही गेल्यावर म्हणायला कोणी उरलं नाही. उद्या रिंकवर लहान मुलांची नवी बॅच सुरू होतेय. त्याआधी तो म्हणून टाकायचा असं मी ठरवलंय. पण क्रमाने सांगते. मधूनच सुरू केलेली गोष्ट तुम्हाला चालायची नाही.

सई सहा वर्षांची असताना बागेतल्या स्केटिंग रिंकवर पहिल्यांदा चाकं घालून उभी राहिली, तो दिवस आठवतो? उभी कसली राहिली, माझ्या ओढणीला लोंबकळली! कशीबशी दहा फूट गेली आणि चाकाखाली चिंचोका येऊन सपशेल आडवी. गुडघा फुटला. मी घाबरून तिला उचलायला धावले. तुम्ही तिच्याकडे गेलातच नाही. तुम्ही चिंचोका शोधलात, तो उचलून चष्म्याजवळ धरलात आणि आरोपीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरवर आपण तिघी आणि चौथा खराटा. स्केटिंगचे सर म्हणाले, “काकू, तुम्ही कशाला? झाडायला बाई येतात की.”

“त्या सातला येतात,” तुम्ही म्हणालात. “मुलं सहाला पडतात.”

आठवड्याभरात आणखी चार खराटे आले. महिन्याभरात नियमच झाला, ज्याने झाडलं नाही त्याने चाकं घालायची नाहीत. मग तुमची ती पाटी लागली, शाळेच्या जुन्या पुठ्ठ्यावर, वळणदार अक्षरात: ‘पालकांनी मोबाइल खिशात व खराटा हातात धरावा. उलट करू नये.’ त्या पाटीचे फोटो काढायला लोक यायचे. तुम्ही त्यांच्याही हातात खराटा द्यायचात.

पण सगळ्यांचं झाडून झालं की तुमचं खरं काम सुरू व्हायचं. तुम्ही चपला कठड्याशी काढायचात, पदर खोचायचात आणि अख्ख्या रिंकवर अनवाणी चालायचात. कडेने सुरू करून गोल गोल आत. बारीकसा खडा असला तरी पायाला कळायचा. वाकून उचलायचात, कमरेच्या पिशवीत टाकायचात, पुढे. मला वाटायचं, देवळातली सवय असेल. एकदा विचारलं तर म्हणालात, “डोळ्याला चष्मा लागतो गं. तळपायाला अजून नाही लागलेला.” तुमची फेरी पूर्ण होईपर्यंत तीस-चाळीस मुलं कठड्याला टेकून गप्प उभी असायची. वर्गात तुमच्यापुढे मुली कशा बसत असतील याचा मला तिथे अंदाज आला.

आता ते खोबरेल.

नको म्हणू नका, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सईची पहिली स्पर्धा. डिसेंबर महिना. सरांनी सांगितलं होतं, आदल्या दिवशी चाकांच्या बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडा, दोनच थेंब. घरात शिलाई मशीन तुमचं, तेव्हा तेलाचं खातंही तुमचं. बाटली उघडलीत तर रिकामी. तुम्ही पिशवी घेऊन निघालात, दुपारी दोन वाजता. सदाशिव पेठेत! उभा जन्म तिथे काढलेली बाई दुपारी दोनला दुकान उघडं असेल अशा आशेवर निघते, यावरून तुम्ही त्या दिवशी किती हरखला होतात ते मला कळायला हवं होतं. दुकान बंद. चारपर्यंत थांबायचा धीर नव्हता, कारण सई शाळेतून यायच्या आत चाकं तयार ठेवून तिला चकित करायचं होतं. तुम्ही घरी आलात आणि तेल ते तेल म्हणून आठही चाकांना खोबरेल पाजलंत. दोन थेंब नव्हे. तुमचा हात सढळ! संध्याकाळी चाकं काय फिरली! सई टाळ्या वाजवत होती.

आणि पहाटे थंडी पडली. अशी थंडी की न्हाणीघरातली खोबरेलची बाटली पांढरीफेक. बाटलीकडे माझं लक्ष गेलं होतं, मी ती गॅसजवळ नेऊनही ठेवली. पण बूट? बुटांचा विचार कोणाच्या मनात येणार!

शिट्टी वाजली. सगळ्या मुली सुसाट सुटल्या आणि आपली सई जागच्या जागी पाय मारत राहिली. चाकं हलेनात. तिला वाटलं आपण स्केटिंगच विसरलो. ती खाली बघे, पुढे बघे, परत खाली बघे. शेवटी ती चक्क धावायला लागली, टपाटप, चाकांचे बूट घालून, पाण्यातल्या बदकासारखे हात हलवत. सगळे हसत होते. तिने रडत रडत फेरी पूर्ण केली, तेव्हा पुढच्या गटाच्या मुली रांगेत येऊन उभ्या होत्या.

आज हे लिहितानाही मला हसू आवरत नाहीये. त्या दिवशी का नाही आलं हसू? सरांनी चाक काढून बोटावर तो पांढरा लोण्यासारखा गोळा घेतला, हुंगला आणि म्हणाले, “हे तर खोबरेल!” आणि मी सगळ्या पालकांसमोर तुमच्याकडे वळले.

“आई, ज्यातलं कळत नाही त्यात हात घालू नका. आणि उद्यापासून तुम्ही येऊच नका इथे.”

तुम्ही “बरं” म्हणालात. एवढंच. खांद्यावरची सईची पिशवी काढून माझ्या पायाशी ठेवलीत आणि चालत घरी गेलात. मी स्कूटरवरून तुमच्या शेजारून गेले, थांबले नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, अभयलाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा हास्यक्लब सुरू झाला.

आता ऐका, माझा शहाणपणा. त्या तीन आठवड्यांत सई आणि मी पावणेसहाला पोचायचो, तर रिंक आधीच लख्ख. एक पान नाही, एक खडा नाही. मला वाटलं, बागेतल्या झाडणाऱ्या बाई लवकर यायला लागल्या. मी त्यांना गाठून म्हटलं, “मावशी, काय सुंदर झाडता हो हल्ली!” त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि “करावं लागतं बाई” म्हणून कौतुक पदरात पाडून घेतलं. त्यांना मी पेढेसुद्धा दिले! एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी घरी येऊन तुम्हाला मुद्दाम ऐकवलं, “बघा, तुम्ही नसलात तरी रिंक आरशासारखी असते.”

तुम्ही पोळी लाटत होतात. “हो का? छान,” म्हणालात.

कशा म्हणू शकलात हो? मी असते तर लाटणं फेकून मारलं असतं!

आणि तुमच्या टाचा. त्या दिवसांत तुमच्या टाचांना भेगा पडल्या होत्या, रक्त यायचं. तुम्ही रात्री खोबरेल मागायचात आणि मी वाटी गरम करून आणून द्यायचे. एकदा तर म्हटलंही, “आता बरोबर ठिकाणी लागतंय खोबरेल.” तुम्हीही हसलात. पण माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की हिरवळीवर उभं राहून हा हा हू हू करणाऱ्या बाईच्या टाचा कशाने फुटतील?

शेवटी सईनेच संप केला. आजी नसेल तर चाकं घालणार नाही. मग मी काय केलं? सरळ शब्दांत बोलायची आपल्या घरात पद्धत नाही. मी चहात आलं जास्त घातलं, कप तुमच्यापुढे ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हटलं, “उद्या स्कूटरवर पिशवी धरायला कोणीतरी हवंय.”

“मिळतंय का बघ कोणी,” तुम्ही म्हणालात.

आणि सकाळी साडेपाचला स्वेटर घालून, पदर खोचून जिन्यात उभ्या! विषय संपला. म्हणजे मला तेव्हा वाटलं की संपला.

त्यानंतरची वर्षं मात्र काय मजेची गेली, नाही? सरांनी मोठ्या मुलांना चाकांवरची हॉकी शिकवायला घेतली आणि सई त्यात पडली. तो काळा चपटा पक बघून तुम्ही विचारलंत, “हा करपलेला पेढा कशाला?” सर म्हणाले, हाच खेळ बर्फावर खेळतात, त्यात पुढे जाता येतं. तुम्ही म्हणालात, “पुण्यात बर्फ रसवंतीत मिळतो. तिथे खेळवणार का?” पण खेळातलं तुम्हाला माझ्याआधी कळायला लागलं. फक्त एक गोष्ट तुम्हाला शेवटपर्यंत पटली नाही. सईचा कोणाला धक्का लागला की तुम्ही कठड्यावरून ओरडायचात, “सई! सॉरी म्हण तिला!”

सर कपाळाला हात लावायचे. “काकू, या खेळात धक्के मारतातच.”

“मारा की. मारून झाल्यावर म्हणा.”

आणि पोरगी म्हणायची! चेंगराचेंगरीत, काठ्या अडकलेल्या, आणि मधूनच आवाज, “सॉरी गं!” आई, खरं सांगा. ते सईलाच सांगत होतात ना? माझ्याकडे बघून तर नव्हता ओरडत?

तुम्ही आजारी पडल्यावरही रोज संध्याकाळी सईला एकच विचारायचात, “आज फेरी कोणी मारली?” ती म्हणायची, मी मारली. खोटं होतं ते. झाडणं अजून चालू आहे, पाटीही आहे, पुठ्ठा गेला म्हणून सरांनी ती पत्र्यावर रंगवून घेतली. पण अनवाणी फेरी तुमच्याबरोबरच गेली. कोणाला ती मारायचं धाडस होत नाही, आणि खरं तर खडे टोचतात, थंडीत पाय गारठतात, हेही आहेच.

आता आनंदाची बातमी, जी तुम्हाला एव्हाना कळलीच असणार. सई राज्याच्या मुलींच्या आइस हॉकी संघात निवडली गेली! सोळाव्या वर्षी! गेल्या महिन्यात आम्ही लडाखला जाऊन आलो. मी, सदाशिव पेठेची, जिला नोव्हेंबरमध्ये पंखा दोनवरही सोसत नाही! तुमची माकडटोपी मी नेली होती. ती आणि तिच्यावर अभयची. फोटोत मी ओळखू येत नाही, ते बरंच आहे.

तिथे आपल्यासारखं सिमेंट नाही. गावाबाहेर सपाट जागेला बांध घालून पाणी सोडतात, त्याचा बर्फ होतो, तीच रिंक. गावातलीच माणसं थरावर थर चढवतात. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो, तर रात्री पडलेल्या बर्फाने सगळं झाकलेलं. आणि आई, काय सांगू! खेळाडू, आयाबाया, म्हातारे, सगळे हातात झाडू घेऊन उतरले. आमच्या संघाच्या आया कडेला कुडकुडत उभ्या होत्या. एक आजी, तुमच्याच वयाच्या, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं, सरळ माझ्याकडे आल्या आणि झाडू माझ्या हातात दिला.

मी झाडलं. दम लागत होता, श्वास पुरत नव्हता, पण मी झाडलं. मग त्या आजींनी हातमोजा काढला, गुडघ्यांवर बसल्या आणि उघडा तळवा बर्फावरून फिरवत फिरवत पुढे सरकायला लागल्या. कुठे चीर लागली की थांबायच्या, किटलीतलं पाणी त्यात ओतायच्या, गोठेपर्यंत थांबायच्या, मग पुढे. सगळी मुलं कडेला गप्प उभी होती.

सई माझ्याजवळ आली. “आई, आजी,” एवढंच म्हणाली. मग नाक पुसलं, पायातले पात्यांचे बूट वर करून दाखवले आणि म्हणाली, “याला चाकं नाहीत, बेअरिंग नाही. तेलच लागत नाही. आजी म्हणाली असती, सुटले बाई!”

आम्ही दोघी इतक्या हसलो, इतक्या हसलो की त्या आजी वळून बघायला लागल्या. तो खरा हास्यक्लब!

सामना आपण सात-एकने हरलो. पण तो एक आपल्या सईचा! आणि त्याआधी जिच्याशी धडकली तिला ती सॉरी म्हणाली. दुसऱ्या संघाच्या मुली आता तिला ‘सॉरी दीदी’ म्हणतात. जाताना सगळ्या येऊन तिच्या गळ्यात पडल्या.

तर परत आल्यावर काल मी जर्दाळूंची पुडी घेऊन बागेत गेले, आपल्या वॉचमन तात्यांना द्यायला. त्यांना त्या आजींचं सांगितलं, हात फिरवून चिरा शोधत होत्या म्हणून. तात्या जर्दाळू चघळत ऐकत होते.

“म्हंजी आपल्या आज्जींवानीच की,” ते म्हणाले. “त्या सालच्या थंडीत न्हाई का, पाच वाजता येऊन एकल्या समदी रिंक झाडायच्या. बॅटरी घिऊन. मग अनवाणी फेरी. तुमची गाडी आली की मागल्या फाटकानं जायच्या.”

मी म्हटलं, “कधी? कोणत्या थंडीत?”

“तुमाला ठावं न्हाई व्हय? मला म्हनल्या हुत्या, तात्या, सुनंला सांगायचं न्हाई. सून रागावलीया, आन् तिचा राग बरोबर हाय. पन केर कोन काढनार?”

आई, मी तिथेच कठड्यावर बसले. जिथे तुम्ही चपला काढायचात तिथेच. तात्यांना वाटलं मला चक्कर आली, ते पाणी आणायला धावले. मला चक्कर आली नव्हती. मी रडत होते, आणि रडता रडता मला तो पेढ्यांचा प्रसंग आठवला आणि हसू फुटलं. तात्या पाण्याचा तांब्या घेऊन उभे, त्यांना कळेना हिला पाजावं की हिच्या तोंडावर मारावं.

तिचा राग बरोबर आहे, म्हणालात! नव्हता हो बरोबर. चाकं अडली ती सईची अडली, माझं काय गेलं होतं? माझी चारचौघांत फजिती झाली याचाच राग होता तो, आणि तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार. तरी तुम्ही अंधारात येऊन पोरीच्या वाटेतले खडे वेचत राहिलात, आणि मी घरी येऊन तुम्हाला आरशासारखी रिंक ऐकवली.

तर तो शब्द. चहा नाही, आलं नाही, भिंतीकडे बघून नाही. मारून झाल्यावर म्हणायचं असतं ना, मी नऊ वर्षं उशिरा म्हणतेय.

सॉरी, आई. चुकलं माझं.

झालं. म्हटलं. काही कोसळलं नाही! उगाच इतकी वर्षं घाबरत होते.

आता वचन. उद्या सकाळी नवी बॅच आहे, सहा-सहा वर्षांची वीसेक पोरं. झाडून झालं की कठड्याशी चपला काढून फेरी मी मारणार, कडेने सुरू करून गोल गोल आत. उद्या आणि रोज. सईने विचारलं, “आई, तुला जमेल?” मी म्हटलं, माझ्या डोळ्यांना चष्मा लागलाय, तळपायाला अजून नाही. टाचा फुटतीलच. खोबरेलची वाटी गॅसजवळ ठेवली आहे. आणि शिलाई मशीनच्या तेलाच्या दोन बाटल्या आजच आणल्या, संध्याकाळी पाच वाजता, दुकान उघडं असताना.

त्या दिवशी म्हटलेलं एक वाक्य तेवढं मी परत घेते. आई, उद्यापासून तुम्ही या. साडेपाचला निघू. पिशवी मी धरीन.

तुमची,
मंजिरी